ऋत्विक घटक : बाटली बाजूला ठेवून बोलूया का?

रीळवेडा

४ नोव्हेंबर २०२५ला बंगाली सिनेदिग्दर्शक ऋत्विक घटकची जन्मशताब्दी झाली. त्या निमित्ताने जिथे तिथे लेख आले. सुरुवातीला मी झपाटल्यासारखे वाचले आणि पाचव्या-सहाव्या लेखाला वैतागलो. सगळ्यांचा सांगाडा एकच. फाळणीने होरपळलेला, दारूत बुडालेला, हयातीत उपेक्षित राहिलेला आणि पन्नाशीत गेलेला अवलिया. मळका झब्बा, खांद्यावर झोळी, ओठात विडी. शेवटी 'काळाच्या पुढे होता' हे ठरलेलं वाक्य. सिनेमाबद्दल दोन ओळी, बाटलीबद्दल दोन परिच्छेद.

यातलं खोटं काहीच नाही, हीच तर पंचाईत आहे. पण ही गोष्ट इतकी चटकदार आहे की माणसं तिथेच थांबतात, सिनेमापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून हा धागा. मला जे म्हणायचंय ते थोडक्यात असं : घटक हा बेभान, उधळलेला कलावंत वगैरे नंतर, आधी तो पक्का कारागीर होता. विशेषतः आवाजाचा. आणि त्याची खरी बंडखोरी दारूत नव्हती, मेलोड्रामात होती. ज्या काळात 'चांगल्या' सिनेमाला रडण्याची लाज वाटायला लागली होती, त्या काळात हा माणूस छाती पिटून रडायला तयार होता, आणि तेही पूर्ण शुद्धीत.

माझं हे मत कसं झालं ते सांगतो. 'मेघे ढाका तारा' मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, एका फिल्म सोसायटीत. प्रिंटला सबटायटल्स नव्हती. मला बंगाली येत नव्हतं, अजूनही 'भालो' आणि 'खूब भालो'च्या पुढे गाडी गेलेली नाही. त्यामुळे कथा अर्धीच कळत होती आणि मी आपोआप ऐकायला लागलो. नायिका नीता जिना उतरते. तिला आत्ताच कळलंय की ज्याच्यासाठी ती थांबलीय त्या सनतच्या खोलीत दुसरी कुणी आहे. आणि एकदम सट्कन चाबूक ओढल्याचा आवाज. मी दचकून मागे बघितलं, मला वाटलं स्पीकर फाटला. पडद्यावर चाबूक नाही, घोडा नाही, काही नाही. नुसता एका बाईचा वर उचललेला चेहरा. थोड्या वेळाने रवींद्रसंगीताच्या एका गाण्याच्या शेवटी पुन्हा तोच चाबूक. तेव्हा कळलं की स्पीकर ठीक आहे, फाटलंय ते दुसरंच काहीतरी.

दुसरा प्रसंग. नीता आणि सनत अंगणात बोलताहेत, आई आत चुलीपाशी. लग्नाचं बोलणं तिच्या कानावर पडतं. ही पोरगी लग्न करून गेली तर घरातला पगार गेला. आई एक शब्द बोलत नाही. फक्त चुलीवर जे रटरटतंय त्याचा आवाज मोठा मोठा होत जातो. आईला वाईट ठरवायला संवादलेखकाला अर्धं पान लागलं असतं. इथे ती वाईटही ठरत नाही आणि तिची भीती मात्र आपल्या पोटात शिरते.

बाकी कुंडली पटकन उरकतो. जन्म १९२५, ढाका, जुळ्यातला एक. तरुणपण राजशाही शहरात, म्हणजे आताच्या बांगलादेशात. इप्टामध्ये, म्हणजे डाव्यांच्या नाट्यचळवळीत, नाटकं लिहिली, बसवली, कामं केली. पहिला सिनेमा 'नागरिक' १९५२ला पुरा झाला आणि डब्यात गेला. तो प्रदर्शित झाला १९७७ला, म्हणजे दिग्दर्शक जाऊन दीड वर्ष झाल्यावर. मधल्या काळात सत्यजित रायचा 'पथेर पांचाली' आला, जगभर गेला, भारतीय सिनेमाचा इतिहास त्या खुणेपासून मोजायची पद्धत पडली. मग १९५८ला 'अजांत्रिक', पाठोपाठ 'बाडी थेके पालिये', १९६०ला 'मेघे ढाका तारा', १९६१ला 'कोमल गांधार', १९६२ला पुरा होऊन १९६५ला लागलेला 'सुवर्णरेखा'. मग मोठी पोकळी. १९७३ला बांगलादेशात जाऊन केलेला 'तिताश एकटी नदीर नाम' आणि शेवटचा 'जुक्ती तक्को आर गप्पो'. एकूण आठ. अर्धवट राहिलेल्यांची यादी याहून लांब होईल. ६ फेब्रुवारी १९७६ला कोलकात्यात गेला.

आता तुम्ही बोला. कोणी काय पाहिलंय, काय आवडलं, काय डोक्यात गेलं?

अधाशी वाचक

छान लिहिलंय. मी फक्त 'मेघे ढाका तारा' पाहिलाय, तोही मोबाइलवर, लोकलमध्ये. चाबूक ऐकू आला नाही, डोंबिवली ऐकू आलं. :)

एक बारीकशी तक्रार. एवढा मोठा माणूस आणि 'घटकची', 'तो', 'गेला'? अरेतुरे खटकलं.

रीळवेडा

@अधाशी वाचक, आपण तुकोबांनाही 'तुका म्हणे' म्हणतोच की. पण ठीक आहे, ज्यांना अहोजाहो करायचं त्यांनी करावं, मला जमणार नाही. आणि लोकलमध्ये घटक पाहायचा हा गुन्हा आहे. हेडफोन लावा, दार लावा, परत बघा.

तिसरी घंटा

मेलोड्रामाचा मुद्दा शंभर टक्के पटला. त्यात नाटकवाल्याची भर घालतो.

घटक मुळात रंगभूमीवरचा माणूस. सिनेमाकडे वळला कारण एका प्रयोगाला शेकड्यात माणसं येतात आणि सिनेमाला लाखांत. उद्या याहून जास्त लोकांपर्यंत पोचणारं माध्यम निघालं तर सिनेमाला लाथ मारून तिकडे जाईन, अशा अर्थाचं तो उघड बोलायचा. म्हणजे सिनेमाचं सोवळं त्याला कधीच नव्हतं. त्याच्या सिनेमातली मंडळी बघा. 'मेघे ढाका तारा'मधले मास्तर वडील म्हणजे बिजन भट्टाचार्य, बंगालच्या दुष्काळावरच्या 'नबान्न' नाटकाचे लेखक. ते पडद्यावर अभिनय करत नाहीत, ते शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतात. कॅमेरा तोंडापुढे आहे हे माहीत असूनही. शहरी प्रेक्षकाला हे 'लाऊड' वाटतं.

मला वाटतं मराठी माणसाला हे बंगाल्यापेक्षाही सोपं जायला हवं. आपण संगीत नाटकावर वाढलेले लोक. नायक मरणाच्या दारात उभा राहून सहा मिनिटं पद म्हणतो आणि आपण वन्समोअर देतो. तेव्हा कोणी विचारत नाही की हे वास्तववादी आहे का. भावना वाक्यात मावेनाशी झाली की ती सुरात जाते हे आपल्याला शिकवावं लागत नाही. नीताचा भाऊ शंकर झाडाखाली बसून हंसध्वनी राग घोटतोय (आवाज ए. टी. कानन यांचा), मागून आगगाडी जातेय, समोरून दमलेली नीता येतेय. अख्खं घर त्या तीन आवाजांत आहे. चीज, इंजिन आणि पावलं.

रोखठोक

मी जरा उलटं बोलतो, रागावू नका.

'बाटली बाजूला ठेवूया' म्हणणं पुरुषांना सोपं आहे. बाटली बाजूला ठेवली की तिची किंमत कोणी मोजली तेही बाजूला पडतं. सुरमा घटक. तीन मुलं, नवऱ्याच्या हाताला काम नाही, असलं तर सिनेमा अर्धवट, आणि ही बाई शिक्षिकेची नोकरी करून घर ओढतेय. 'मेघे ढाका तारा' म्हणजे घरासाठी झिजून मेलेल्या नोकरदार मुलीची गोष्ट. ती पडद्यावर मांडणाऱ्याच्या घरातही एक कमावती बाई होतीच ना? हा विरोधाभास कुठल्याच शताब्दीलेखात दिसत नाही. अवलियापणाचं बिल नेहमी घरच्या बाईच्या नावावर फाटतं.

दुसरं, 'सुवर्णरेखा'. क्षमा करा, पण तो योगायोग मला गिळता आला नाही. ज्या भावाने बहिणीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, तो कोलकात्यात दारू पिऊन पहिल्यांदा बाईकडे जातो आणि दार उघडते ती बहीण? हे आपल्याकडच्या सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही मसाला चित्रपटात असतं तर आपण शिट्ट्या मारून हसलो असतो. घटकचं नाव आहे म्हणून 'एपिक'?

रीळवेडा

@रोखठोक, पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं. माझ्या मूळ लेखात सुरमाबाईंचं नावही नाही, म्हणजे मी ज्या लेखांना नावं ठेवली त्यातलाच मीही. त्यांनी स्वतः नवऱ्याबद्दल लिहिलं आहे, न चिडता लिहिलं आहे, आणि तेच जास्त बोचतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडतो. तो योगायोग घटकच्या हातून निसटलेला नाही, त्याने तो मुद्दाम पुढे केलाय. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की तो भाऊ, ईश्वर नावाचा, त्या रात्री कुणाच्याही दारात गेला असता तरी ती त्याची बहीणच असती. निर्वासितांच्या वस्तीतून देहविक्रीपर्यंत पोचलेली प्रत्येक मुलगी कुणाची तरी सीता होतीच. फक्त इतरांच्या बाबतीत आपण दार उघडणारीचा चेहरा बघत नाही, एवढाच फरक. तिचं नाव सीता ठेवलंय हा काय योगायोग आहे होय? तिच्या पोटातून फाळणीच्या आधीच्या सगळ्या गोष्टी वाहताहेत. लहानपणी ती महायुद्धातल्या ओसाड धावपट्टीवर हुंदडत असते आणि समोर एकदम कालीचं सोंग घेतलेला बहुरूपी उभा राहतो. पोर घाबरून किंचाळते. बहुरूपी बिचारा म्हणतो, मी मुद्दाम नाही घाबरवलं, तूच पुढ्यात आलीस. महायुद्धाने टाकून दिलेली धावपट्टी आणि त्यावर पोटासाठी देवीचं सोंग घेऊन हिंडणारा गरीब माणूस. हा प्रसंग बघितल्यावर शेवटचं दार कुठल्या तर्कावर उघडतं ते कळतं. मसाला चित्रपटात योगायोग कुटुंब जुळवतो. इथे तो उरलंसुरलं मोडतो.

मात्र आवडलंच पाहिजे असं नाही. त्या प्रसंगाला मलाही दर वेळी उठून जावंसं वाटतं.

शेवग्याची शेंग

खूप दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. मी जन्माने सोलापूरची, लग्नाने 'बांगाल', म्हणजे सासरचे मूळ पूर्व बंगालचे. पश्चिमेकडचे ते 'घोटी'. ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचा सामना असला की आमच्या घरात कोण कुठल्या बाजूला ते विचारायचं नसतं.

माझ्या सासूबाई 'मेघे ढाका तारा' पाहत नाहीत. टीव्हीवर लागला की उठून स्वयंपाकघरात जातात. पहिल्या वर्षी मला वाटलं, आवडत नसेल. मग नणंदेने सांगितलं की त्यांची मोठी बहीण निर्वासितांच्या कॉलनीतच वाढली, नोकरी केली, लग्न केलं नाही. एवढंच. त्यापुढे कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. त्या सिनेमात पार्श्वभूमीला अधूनमधून एक बायकी सूर येतो, उमेला कुशीत बोलावणारा. ती आगमनी-विजयेची परंपरा. दुर्गा म्हणजे उमा, ती वर्षातून चार दिवस माहेरी येते आणि दशमीला परत जाते. आईचा जीव तुटतो. आपल्याकडे भाद्रपदात गौरी येतात ना, अगदी तसंच. भाजीभाकरी, पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी विसर्जन आणि आईचे डोळे ओले. मला हे ऐकल्यावर हादग्याच्या गाण्यांतली सासुरवाशीण आठवली. फक्त घटकने ते उलटं केलंय. नीता सासरी जातच नाही. तिला माहेरच पाठवणी करतं, डोंगरावरच्या क्षयरोग्यांच्या दवाखान्यात. तो सूर मागे वाजतो तेव्हा बंगाली बाईला जे कळतं ते सबटायटलमध्ये येत नाही. मला ते सासूबाईंच्या पाठीकडे बघून कळलं.

रीळवेडा

@शेवग्याची शेंग, काय लिहिलंत. मी तो सूर वीस वर्षं नुसता 'पार्श्वसंगीत' म्हणून ऐकत आलोय. गौरीचं डोक्यातच आलं नव्हतं.

तिसरी घंटा

वरच्या प्रतिसादानंतर काय बोलायचं? तरी एक अवांतर. 'कोमल गांधार'मधला रुळांचा प्रसंग कोणी तरी काढाच. नायक-नायिका पद्मा नदीच्या काठी उभे आहेत. पूर्वी इथून गाडी पलीकडे जायची, आता रूळ अडवलेत. पलीकडे दिसतोय तो आपला देश, पण जाता येत नाही. आणि मग कॅमेराच त्या रुळांवरून सुसाट धावत सुटतो, मागे 'दोहाई अली'चा घोष, आणि अडसराला धडकून पडदा काळाठिक्कर. आवाजही तुटतो. पात्रांना जे करता येत नाही ते कॅमेरा करू बघतो आणि आपटतो. फाळणीवर पानंच्या पानं वाचली, पण तिचा धक्का अंगाला लागला तो इथे.

गंमत म्हणजे हा त्याचा सगळ्यात आशावादी सिनेमा. शेवटी लग्नाची गाणी वगैरे. आणि तोच दाणकन आपटला. नाटक कंपन्यांतली भांडणं, डाव्यांचे गट-तट त्यात दाखवलेले, त्यामुळे पूर्वीचे सोबतीच नाराज. कम्युनिस्ट पक्षाने तर १९५५लाच काढून टाकलं होतं. सांस्कृतिक आघाडीने काय करावं यावर याने एक लांबलचक टिपण लिहून दिलं होतं. पक्षाला टिपणं लिहून देणाऱ्यांचं कधी भलं झालंय?

चहा-खारी

अरे, घटक म्हणजे तोच ना ज्याने 'मधुमती'ची गोष्ट लिहिली? 'आजा रे परदेसी'वाला? मला हे काल कळलं आणि मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, काहीतरीच.

रीळवेडा

तोच. आईंना सांगा, पैज लावा. पन्नासच्या दशकाच्या मध्याला तो मुंबईत नोकरीला होता, फिल्मिस्तानमध्ये. हृषीकेश मुखर्जींच्या पहिल्या सिनेमाच्या, म्हणजे 'मुसाफिर'च्या लेखनात त्याचा हात आहे आणि बिमल रॉयच्या 'मधुमती'ची कथा त्याची. पुनर्जन्म, हवेली, पैंजणांचा आवाज, दुष्ट जमीनदार. पक्षाने काढलेला मार्क्सवादी आणि भूतकथा! संगीत सलील चौधरींचं, तेही इप्टातलेच. सिनेमा तुफान चालला, नऊ फिल्मफेअर मिळाले आणि तो विक्रम पुढे जवळपास चार दशकं टिकला.

यावर लोक म्हणतात, बघा, पोटासाठी काय काय करावं लागलं. मला तसं वाटत नाही. 'मधुमती'त जंगलाची मुलगी, तिला गिळणारा मालक आणि मेल्यावरही न थांबणारी तिची हाक आहे. हे घटकचंच सामान आहे, फक्त बिमलदांनी त्याला इस्त्री केली. त्याच १९५८ साली 'अजांत्रिक' आला, ज्यात एक टॅक्सीवाला आपल्या मोडक्या गाडीवर बायकोसारखं प्रेम करतो आणि तो सिनेमा आपल्याकडे कोणी पाहिला नाही. एकाच वर्षात दोन टोकं. मुंबईत राहिला असता तर बंगला झाला असता. राहिला नाही.

रोखठोक

बंगला नाही तर नाही, निदान सुरमाताईंना भाड्याची चिंता नसती. (बास, आता त्यावर बोलत नाही.)

पुण्याबद्दल कोणी लिहा ना. एफटीआयआयमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, शिकवायचा म्हणतात, तर त्याचे विद्यार्थी मणी कौल आणि कुमार शहानी. दोघांचे सिनेमे बघताना मला झोप आली आहे. घटकच्या सिनेमात मला राग आला, झोप नाही आली. मग गुरू-शिष्य कसले?

कोझिकोडचा कोल्हापुरी

याचं उत्तर देतो, कारण नोकरीमुळे केरळात नऊ वर्षं काढली आणि तिकडे घटकचं नाव बंगालच्या खालोखाल घेतलं जातं.

तो साठच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात आला, आधी अध्यापक, मग उपप्राचार्य. फार टिकला नाही, पण तो काळ आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांपैकी होता असं त्याने पुढे सांगितलं. जागा कुठली, तर प्रभातचा जुना स्टुडिओ. जिथे 'संत तुकाराम' उभा राहिला तिथेच हा आंब्याच्या झाडाखाली पोरांना रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन आणि रवींद्रनाथ एका दमात सांगायचा.

शिष्य गुरूसारखे दिसत नाहीत हीच त्याच्या शिकवण्याची पावती म्हणायची. मणी कौल फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँच्या वाटेने गेला, भावनेचा थेंब न सांडता सिनेमा करायचा म्हणून. शहानी महाकाव्याच्या वाटेने गेला, तो स्वतः सिंधमधल्या लारकान्यात जन्मलेला, म्हणजे फाळणी त्याच्याही घरात होती. दोघांनी घटकचा नाद घेतला, नक्कल नाही.

आणि तिसरा जॉन अब्राहम. (नट नव्हे, अधाशी वाचक, आधीच सांगतो.) एलआयसीतली नोकरी सोडून पुण्यात शिकायला आला. तमिळमध्ये 'अग्रहारत्तिल कळुदै' केला, ब्राह्मण वस्तीत गाढवाचं पिल्लू पाळणाऱ्या प्राध्यापकाची गोष्ट. मग केरळात 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगाव जायचं, चौकात ढोल बडवायचा, चॅप्लिनचा सिनेमा दाखवायचा, लोकांपुढे झोळी धरायची. असे पैसे जमवून १९८६ला 'अम्मा अरियान' बनवला. निर्माता कोण, तर गावकरी. १९८७ला कोझिकोडमध्ये एका इमारतीवरून पडून गेला, पन्नाशीच्या आतच. तिथल्या लोकांच्या तोंडी अजून त्याच्या शंभर गोष्टी आहेत आणि त्यातल्या नव्वद दारूच्या. रीळवेडा, तुमची तक्रार तिथेही लागू.

अधाशी वाचक

नट नव्हे हे आधीच सांगितल्याबद्दल आभार. मी विचारणारच होतो.

'तिताश'बद्दल कोणीच बोलत नाही?

रीळवेडा

'तिताश'वर वेगळा धागा लागेल, तरी थोडं. कादंबरी अद्वैत मल्लबर्मनची, स्वतः मालो म्हणजे मच्छीमार समाजातला लेखक. बांगलादेश नुकताच स्वतंत्र झालेला. पंचवीस वर्षं ज्या नदीकाठासाठी तडफडला तिथे घटकला कॅमेरा घेऊन जायला मिळालं, तेव्हा शरीर साथ देईना, क्षयाने गाठलं. सिनेमा पहिल्यांदा पाहताना गोंधळायला होतं, पात्रं येतात, हरवतात, नायक म्हणावा असा कोणी हाती लागत नाही. कारण नायक नदी आहे आणि तीच आटते. शेवटी बासंती कोरड्या पात्रातली वाळू उकरून पाण्याचा घोट शोधते आणि मरता मरता तिला हिरव्या भातातून पिपाणी वाजवत पळणारं पोर दिसतं. आता त्याची नीट दुरुस्त केलेली प्रत मिळते, अमेरिकन दिग्दर्शक स्कॉर्सेसीच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टने केलेली. तीच बघा. जुन्या धुवट प्रतीत नदी आणि आभाळ वेगळं काढता यायचं नाही.

आणि शेवटी ज्या सिनेमात तो स्वतःच आहे तो. 'जुक्ती तक्को आर गप्पो'मध्ये नीलकंठ बागची नावाच्या दारुड्या, बायकोने सोडलेल्या, मोडलेल्या बुद्धिजीवीचं काम घटकने स्वतः केलं. नावच बघा, विष पिऊन निळा झालेला. म्हणजे आज जी दंतकथा आपण सांगतो तिचं पहिलं विडंबन त्यानेच करून ठेवलंय. नीलकंठ नक्षलवादी पोरांच्या आणि पोलिसांच्या गोळीबारात सापडतो आणि पडता पडता बाटलीतली दारू थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर सांडते. मरताना तो माणिक बंद्योपाध्यायांच्या कथेतल्या मदन विणकराची आठवण काढतो. सूत नाही म्हणून रिकामा माग चालवणारा मदन. काहीतरी करायला हवं ना, हातपाय आखडतील. रोखठोक, तुमच्या 'बिला'ची त्याला कल्पना नव्हती असं मला हा सिनेमा पाहिल्यावर म्हणवत नाही. यातली बायको मुलाला घेऊन निघून जाते आणि सिनेमा तिला दोष देत नाही.

त्याआधी तो मनोरुग्णालयात होता, आणि तिथेही रुग्णांना घेऊन नाटक बसवलं. रिकामा माग.

रोखठोक

हं. हा पाहिलेला नाही. बघतो. मग भांडायला येईन.

चहा-खारी

उशिरा येतोय, पण सांगायलाच हवं. रीळवेडा म्हणाले तसं आईशी पैज जिंकलो ('मधुमती'च्या श्रेयनामावलीत नाव दाखवलं) आणि त्या जोरावर रविवारी घरी 'अजांत्रिक' लावला. आई अर्ध्या तासात झोपली. बाबा मात्र बसले.

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, तीस वर्षं. सिनेमा फारसा बघत नाहीत. पहिली दहा मिनिटं मला विचारत होते, ही भाषा कुठली, हे गाव कुठलं. मी म्हटलं, रांचीच्या बाजूचं. मग तो टॅक्सीवाला बिमल जगद्दलच्या, म्हणजे त्या जुन्या शेवरलेच्या, रेडिएटरमध्ये पाणी ओततो आणि गाडी तहानलेल्या माणसासारखी घटाघटा पिते तो आवाज आला. बाबा एकदम पुढे सरकले. म्हणाले, 'हां, बरोबर. असंच करते.' मी म्हटलं, बाबा, तो आवाज मुद्दाम केलेला आहे, गाडी असं करत नाही. तर म्हणाले, 'तुला काय कळतंय, रात्रीच्या मुक्कामाला एकटा असलास म्हणजे असाच येतो.' त्यानंतर त्यांनी पडद्याकडे बघणं जवळजवळ सोडूनच दिलं. मान खाली, कान तिकडे. पुढे गाडी चढावर धापा टाकायला लागली तेव्हा मला सांगत होते, क्लच, आता गिअर घसरणार, आता गेली. तीनातले दोन अंदाज बरोबर.

भंगारवाला गाडी तोडून नेतो तेव्हा बाबा उठून गॅलरीत गेले. मी सिनेमा थांबवला नाही. शेवटी ते लहान पोर गाडीचा सुटा झालेला हॉर्न दाबतं ना, तो वाजला तसे बाहेरून म्हणाले, 'हॉर्न काढून ठेवला वाटतं त्यांनी. बरं केलं.'